तो नुसता उभा होता

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. हिंगण्याच्या माझ्या घरी पुढच्या खोलीतच मी पक्षकारांना भेटत असे. एका संध्याकाळी वेणा नदीपलीकडच्या एका गावातली बाई आली. ओल्या पदराने तोंड पुसत दारातच उभी राहिली. आत या म्हटले तरी येईना. म्हणाली, "वकीलसाहेब, माह्या पोट्ट्यानं काईच नाई केलं. तो नुसता उभा होता."

वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याने शेकडो वेळा ऐकलेले असते. मारणारा दुसराच असतो. चोरी करणारा दुसराच असतो. आपला मुलगा नुसता उभा असतो, नुसता गाडी चालवत असतो, नुसता सोबत गेलेला असतो. आईबाप खोटे बोलतात असे मुळीच नाही. पुष्कळदा ते खरेच असते. पण ‘नुसता उभा’ या दोन शब्दांवर कायद्याने गेली दीडशे वर्षे जेवढा काथ्याकूट केला आहे, तेवढा प्रत्यक्ष मारणाऱ्यावरही केला नसेल.

त्या मुलाची हकीकत थोडक्यात सांगतो. नावगाव सांगत नाही. तिघे मित्र, वय अठरा ते वीस. एकाचे एका माणसाशी पैशांवरून भांडण होते. संध्याकाळी एमआयडीसीकडून येणाऱ्या रस्त्यावर एका ढाब्यापाशी तो माणूस यांना सापडला. एकाने पिशवीतून लोखंडी रॉड काढला आणि डोक्यात घातला. दुसऱ्याने त्या माणसाला धरले होते. आणि या बाईचा मुलगा रस्त्याच्या कडेला मोटरसायकलवर बसून होता. गाडी सुरू. माणूस वाचला, पण महिनाभर दवाखान्यात होता. पोलिसांनी तिघांवर एकच गुन्हा लावला : खुनाचा प्रयत्न, भारतीय दंड विधान कलम ३०७, ‘सह ३४’.

हे ‘सह ३४’ आपण वर्तमानपत्रात कितीदा वाचतो! १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि चौतीसचे झाले तीन-पोटकलम-पाच. आकडा बदलला, आशय तोच राहिला. तो असा : अनेकांनी मिळून, सर्वांचा जो समान उद्देश आहे तो तडीस नेण्यासाठी एखादे गुन्हेगारी कृत्य केले, तर त्यातला प्रत्येक जण ते कृत्य जणू एकट्यानेच केल्यासारखा जबाबदार. गंमत अशी, की या कलमात शिक्षाच सांगितलेली नाही. ते एकटे कधीच येत नाही. कुठल्या तरी दुसऱ्या गुन्ह्याच्या शेपटाला बांधलेले येते. १८६० च्या मूळ मसुद्यात ‘समान उद्देश तडीस नेण्यासाठी’ हे शब्दही नव्हते. ते १८७० साली घातले गेले आणि तेव्हापासून सारा वाद त्याच शब्दांभोवती फिरतो आहे.

‘नुसता उभा’ असणाऱ्याचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला खटला कलकत्त्याचा. ३ ऑगस्ट १९२३. शंकरीटोला पोस्ट ऑफिसात मागच्या खोलीत पोस्टमास्तर पैसे मोजत बसले होते. काही माणसे अंगणाच्या बाजूने दारात आली, पैसे मागितले आणि लगेच गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर गेले. पैसे न घेताच सगळे पळाले. त्यातला एक, बारेंद्रकुमार घोष, हातात पिस्तूल असतानाच लोकांनी पकडला. त्याचे म्हणणे असे, की मी आत गेलोच नाही, बाहेर अंगणात उभा होतो, घाबरलेला होतो, मी गोळी झाडली नाही. त्याला फाशीची शिक्षा झाली आणि प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तिथे लॉर्ड समनर यांनी निकाल दिला, की तो म्हणतो ते सगळे खरे धरले तरी फरक पडत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवून आलेल्या कामात बाहेर उभे राहणे हाही त्या कामाचा एक भाग असतो. हे सांगताना त्यांनी कवी मिल्टनच्या एका सुनीताची शेवटची ओळ वापरली. दृष्टी गेलेल्या कवीने ईश्वरसेवेबद्दल लिहिलेली ती ओळ भारतातल्या फौजदारी वकिलांना पाठ असते, तीही खुनाच्या संदर्भात. मिल्टनला हे कळले असते तर तो काय म्हणाला असता कोण जाणे.

तर मग सगळे संपलेच, असे वाटेल. उभा होता म्हणजे अडकला. तसे नाही. आणि तसे नाही हे ज्यांनी फार नेमकेपणाने सांगितले, ते आपल्या नागपूरचे होते.

न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे हे नातू. नागपुरातच त्यांनी वकिली केली, इथल्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३६ साली नागपूरला हायकोर्ट झाले तेव्हा त्याचे न्यायाधीश झाले, पुढे मुख्य न्यायाधीश आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५४ या एकाच महिन्यात त्यांनी चौतीस कलमावर दोन निकाल लिहिले. दोन्ही आजही रोज कुठल्या ना कुठल्या कोर्टात वाचले जातात.

पहिला ‘पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य’. तेव्हाच्या हैदराबाद राज्यातला, शेतातला खून. पाच जणांनी कुऱ्हाडी-काठ्यांनी एका माणसाला मारले. पाचही जण मारत होते हे लोकांनी पाहिले होते. मग अडचण कुठे आली? न्यायमूर्ती बोस म्हणाले, पाच माणसांच्या मनात एकाच वेळी एकसारखा हेतू असणे वेगळे आणि पाचांचा मिळून एक हेतू असणे वेगळे. पाच जण आपापल्या रागाने एकाच माणसावर तुटून पडू शकतात. तेव्हा प्रत्येक जण आपल्या घावापुरता जबाबदार. सगळ्यांचे ओझे एकावर टाकायचे, तर त्यांचे आधी काही ठरले होते हे दिसले पाहिजे. मग ते आदल्या रात्री ठरो की जागच्या जागी क्षणभर आधी ठरो. या दोन गोष्टींमधली भिंत कित्येकदा फार पातळ असते, पण ती आहे, आणि ती ओलांडली तर न्याय होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. अपिलात आलेल्या त्या पांडुरंगची खुनाची शिक्षा गेली आणि त्याच्या स्वतःच्या घावाबद्दल, गंभीर दुखापतीबद्दल, त्याला दहा वर्षे झाली. फाशीच्या दोरापासून दहा वर्षांपर्यंत हे अंतर, आणि मधे काय, तर ही पातळ भिंत!

दुसरा निकाल पुण्याजवळच्या देहूरोडचा. तिथल्या लष्करी भांडारातला सरकारी माल बाहेर काढून विकल्याचा आरोप भांडारातल्या तीन नोकरदारांवर होता. तेव्हा ज्युरीची पद्धत होती. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितले, की माल गेटमधून बाहेर जाताना एखादा आरोपी तिथे नसला तरी चौतीस लागू शकते. बोस म्हणाले, हे कायद्याला धरून नाही. चौतीससाठी माणूस तिथे हजर हवा. अगदी त्या खोलीतच हवा असे नाही. बाहेर फाटकाशी राखण करीत उभा असेल, जवळच्या रस्त्यावर पळून जाण्यासाठी मोटार घेऊन थांबला असेल, तरी चालेल. पण कृत्य घडते आहे तिथे, त्या वेळी, त्याचा कसला तरी भाग हवा. ज्युरीला कायदाच चुकीचा सांगितला गेला म्हटल्यावर त्या पायावरची दोषसिद्धी टिकली नाही.

पुढे १९६० मध्ये मुंबईच्या एका रंगाई-छपाईच्या गिरणीतल्या कापडाच्या अपहाराचा खटला आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने याला थोडी मुरड घातली. मारहाण, दरोडा अशा अंगावर येणाऱ्या गुन्ह्यात हजेरी हवी हे ठीक, पण अपहारासारखा गुन्हा तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टेबलांवर घडतो, तिथे प्रत्येक जण प्रत्येक वेळी हजर असलाच पाहिजे असे म्हणता येणार नाही. हे शहाणपणाचेच होते. नाहीतर सही करणारा साहेब कायमच दौऱ्यावर असता.

‘जवळच्या रस्त्यावर मोटार घेऊन थांबलेला’ हे उदाहरण मी त्या बाईच्या मुलाच्या फाइलवर पेन्सिलीने लिहून ठेवले होते. ते आमच्या विरुद्ध जात होते. गाडी सुरू होती ना!

या प्रश्नाने फक्त आपल्यालाच छळले असे समजू नका. लंडनजवळ क्रॉयडनमध्ये २ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री दोन पोरे एका गोदामाच्या छपरावर चढली. ख्रिस्तोफर क्रेग सोळा वर्षांचा, डेरेक बेंटली एकोणीसचा. पोलिसांनी बेंटलीला पकडले. त्यानंतर काही वेळाने क्रेगने झाडलेल्या गोळीने शिपाई सिडनी माइल्स ठार झाले. म्हणजे गोळी सुटली तेव्हा बेंटली पोलिसांच्या ताब्यात होता. पोलिसांच्या साक्षीनुसार त्याआधी तो ओरडला होता. त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ ‘दे त्याला’ असा होतो. म्हणजे पिस्तूल देऊन टाक की गोळी घाल? आणि तो असे काही ओरडलाच नाही, असे तो स्वतः म्हणत होता. क्रेग अल्पवयीन म्हणून तुरुंगात गेला आणि ज्याने गोळी झाडली नाही तो बेंटली २८ जानेवारी १९५३ रोजी फासावर गेला. त्याच्या घरच्यांनी पंचेचाळीस वर्षे लढा दिला. ३० जुलै १९९८ रोजी तिथल्या अपील न्यायालयाने त्याची दोषसिद्धी रद्द केली. इतकेच काय, २०१६ साली जोगी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की साथीदारांच्या बाबतीत आपला कायदा १९८४ पासून चुकीच्या वळणाला लागला होता. पुढे काय होईल याची कल्पना असणे हा हेतूचा पुरावा होऊ शकतो, पण तो स्वतःच हेतू नव्हे.

आता दुसरा दरवाजा. माणूस जागेवर नाही, तरी मदत केली आहे. त्यासाठी चौतीस नाही, ‘अपप्रेरणा’ आहे. जुने कलम १०७, आता न्याय संहितेचे कलम ४५. तिचे तीन मार्ग : चिथावणी देणे, कटात सामील होऊन त्यातले काही घडणे, आणि जाणूनबुजून साहाय्य करणे. साहाय्य कृतीने होते, तसे जे करणे कायद्याने बंधनकारक आहे ते मुद्दाम न करण्यानेही होते. चौकीदाराने मुद्दाम कुलूप न लावणे हे उदाहरण घ्या. आणि गुन्हा घडला तर शिक्षा किती? बहुतेक वेळा मूळ गुन्हेगाराइतकीच. अर्धी नाही, पाव नाही.

मराठी माणसाला हे नाशिकच्या इतिहासातून ठाऊक आहे, फक्त आपण तो कायद्याच्या नजरेने वाचत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्यांचा नेम चुकला तर पुढे सरसावण्यासाठी कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे तिथे होते. त्या दोघांनी गोळी झाडली नाही. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघेही फासावर गेले. आणि विनायक दामोदर सावरकर तर तेव्हा हजारो मैल दूर होते. त्यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली होती. जानेवारी १९११ मध्ये त्यांना जी दुसरी जन्मठेप झाली, ती याच खुनाला साहाय्य केल्याबद्दलची होती. परक्या सरकारचा न्याय म्हणून आपण त्याकडे पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यासाठी वापरलेला कायदा पुढेही आपलाच राहिला.

स्वतंत्र भारतात याची सर्वांत कठोर कसोटी लागली ती इथे, आपल्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात. १२ मार्च १९९३ च्या मुंबईच्या बाँबस्फोटांत २५७ माणसे गेली. याकूब मेमनने स्वतः कुठे बाँब ठेवला असा आरोप नव्हता. पैशांची व्यवस्था, प्रशिक्षणाला जाणाऱ्यांची तिकिटे, गाड्या असे त्याचे काम होते. ज्यांनी स्फोटकांनी भरलेल्या गाड्या नेऊन उभ्या केल्या, त्यांनाही टाडा न्यायालयाने फाशी दिली होती. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यापैकी दहा जणांची फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली आणि याकूबची फाशी कायम केली. कारण देताना न्यायालयाने धनुर्धर आणि बाणाची उपमा वापरली : हे दहा जण बाण होते, सोडणारे वेगळे होते. म्हणजे इथे प्रत्यक्ष करणाऱ्यापेक्षा मागे राहून सोय करणारा जास्त दोषी ठरला. ३० जुलै २०१५ च्या पहाटेपर्यंत दिल्लीत सुनावणी चालू होती आणि सकाळी नागपुरात शिक्षेची अंमलबजावणी झाली. या शिक्षेबद्दल देशात दोन तट पडले. फाशी असावी की नसावी या वादात मी इथे शिरत नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते एवढ्याकडेच, की ‘मी फक्त तिकिटे काढली’ हा बचाव कायद्यात लहान नसतो, पण मोठाही नसतो. तिकिटे कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक होते का, यावर सगळे अवलंबून.

हा ‘ठाऊक होते का’ फार महत्त्वाचा. बाजारात विळा विकणारा त्या विळ्याने पुढे झालेल्या खुनाला जबाबदार नाही. मित्राला गाडी देणारा आपोआप गुन्हेगार होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली छापून आलेल्या एका निकालात छान उदाहरण दिले आहे. तुम्ही कुणाला स्नेहाने घरी बोलावले आणि वाटेत त्याच्या शत्रूने त्याला गाठून मारले. तुमच्या आमंत्रणामुळे खुनाला सोय झाली हे खरे, पण ती सोय करून देण्याच्या हेतूने तुम्ही बोलावले नव्हते, तर ती अपप्रेरणा नव्हे. उलट, विकत घ्यायला आलेला माणूस "आज त्याचा मुडदाच पाडतो" म्हणतो आणि तरी दुकानदार विळ्याला धार लावून देतो, तेव्हा गोष्ट बदलते.

सध्या आमच्याकडे या प्रश्नाचे नवे रूप दिसते. वानाडोंगरी, डिगडोहच्या खोल्यांमध्ये शिकायला, कामाला आलेली पोरे राहतात. कुणीतरी येतो आणि सांगतो, तुझ्या नावाने बँकेत खाते उघड, एटीएम कार्ड आणि सिम मला दे, महिन्याला अमुक रुपये मिळतील. पोराला वाटते, आपल्या खात्यात तसेही दोनशे रुपये असतात, आपले काय जाते? मग कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या म्हाताऱ्या माणसाचे लुबाडलेले पैसे त्या खात्यातून फिरतात आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते या पोराकडे. कारण खाते त्याचे, सही त्याची. खरा माणूस कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नसते. "मला माहीत नव्हते" हे तो म्हणतो आणि कदाचित नसेलही. पण कसलेही काम न करता खात्याचे भाडे मिळते तेव्हा मनात शंका का आली नाही, असे कोर्ट विचारतेच.

मदत किती आधीची, किती नंतरची, हेही बघावे लागते. गुन्ह्याच्या आधी किंवा गुन्हा घडत असताना केलेले साहाय्य म्हणजे अपप्रेरणा. घडून गेल्यावर रक्ताचा शर्ट धुणे, हत्यार विहिरीत टाकणे, गुन्हेगाराला लपवणे हे वेगळे गुन्हे. त्यांची शिक्षाही वेगळी, पुष्कळ कमी. पुरावा नाहीसा करण्याचे कलम पूर्वी २०१ होते, आता २३८. आसरा देण्याचे पूर्वी २१२, आता २४९.

या आसऱ्याच्या कलमापाशी मी नेहमी अडखळतो. त्या दिवशीही अडखळलो. बाई अखेर आत येऊन बसली, तेव्हा खरा प्रश्न बाहेर आला. मुलगा दोन रात्री तिच्याच घरी होता, माळ्यावर. ती त्याला भाकर नेऊन देत होती. तिने विचारले, "हे बी गुन्ह्यात येते काय?"

येते. कायद्याच्या भाषेत आसरा म्हणजे नुसते छप्पर नव्हे. अन्न, पाणी, पैसा, कपडे, पळून जायला वाहन हे सगळे आसऱ्यात मोडते, शिक्षेपासून वाचवण्याच्या हेतूने दिले असेल तर. मूळ गुन्ह्याला फाशी असेल तर आसरा देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, जन्मठेप असेल तर तीन. याला एकच अपवाद आहे : नवरा किंवा बायको. पती-पत्नीने एकमेकांना लपवले तर गुन्हा नाही. आईला ही सूट नाही. बापाला नाही. बहिणीला नाही. इंग्रजांनी १८६० साली नवरा-बायकोचे नाते तेवढे मानले, ते एक वेळ समजू शकते. पण २०२३ साली नवी संहिता लिहिताना तीच ओळ जशीच्या तशी ठेवली, हे मला पटत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या पोराला या देशात कोण लपवणार? आईच ना? असा कायदा लिहिणाऱ्यांनी एकदा पावसाळ्याच्या रात्री कुठल्याही खेड्यातला माळा बघून यावा.

अर्थात मी तिला हे भाषण दिले नाही. म्हटले, "मावशी, उद्या सकाळी त्याला घेऊन या. आपण सोबत ठाण्यात जाऊ." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मीच पोलिसाच्या हातात देऊ काय?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण दुसऱ्या दिवशी ती आली. मुलाला धुतलेले कपडे घालून आणले होते.

उरला जमाव. पाच किंवा जास्त माणसे बेकायदेशीर हेतूने जमली, की पोलिसांच्या फिर्यादीत ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’ असे शब्द येतात. त्यासाठी पूर्वी १४९ होते, आता १९०. इथे आधी ठरलेले असण्याची गरज नाही. जमावाचे उद्दिष्ट ठाऊक असून तुम्ही त्यात राहिलात, तेवढे पुरे. जमावातला प्रत्येक जण काय करत होता हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. पण तुम्ही त्यात होतात हे मात्र सिद्ध व्हावे लागते, आणि इथेच गाडी अडते. १९६४ साली मसाल्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोठ्या जमावाच्या बाबतीत दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी एकसारखे नाव घेतले असेल तरच दोषी धरणे शहाणपणाचे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, अक्कू यादवला जमावाने मारले. कस्तुरबानगरच्या बायांनी वर्षानुवर्षे त्याचे अत्याचार सोसले होते. पोलीस धरपकड करू लागले, तेव्हा शेकडो बाया म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच पकडा. सगळ्यांनी मिळून ‘मी केले’ म्हटले की नेमके कुणी केले हे शोधणे किती अवघड होते, हे त्या खटल्याने दाखवले. २०१४ साली सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या दिवशी कायदा हरला की अनेक वर्षे आधीच, त्या वस्तीत, हरला होता, याबद्दल वकिलांच्या खोलीत अजूनही वाद होतो.

एकमेकांच्या साथीने केलेल्या गुन्ह्यात बाहेरचा साक्षीदार बहुतेक वेळा नसतोच. म्हणून कायद्याने साथीदारालाच फोडायची सोय ठेवली आहे. पुण्याचे जोशी-अभ्यंकर खून प्रकरण जुन्या माणसांना आठवत असेल. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारली गेली. मारणारे कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला आणि दोर कसा आवळला गेला ते बाहेर आले. बाकीचे चौघे २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फासावर गेले. अशा साक्षीदाराच्या शब्दावर कोर्ट सहसा एकट्याने विसंबत नाही, दुसरा आधार मागते. जो मित्रांना सोडून सुटतो, त्याच्या बोलण्यात आपला वाटा कमी आणि दुसऱ्यांचा जास्त असणारच.

आमच्या प्रकरणातही पोलिसांनी त्या मुलाला तसे सुचवून पाहिले होते. मोटरसायकलवाला तू, बाकीच्यांबद्दल सांग आणि मोकळा हो. तो नाही म्हणाला. यात त्याचा चांगुलपणा किती आणि भीती किती, मला सांगता येणार नाही.

खटला सहा वर्षांनी उभा राहिला. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर होता : पिशवीत रॉड आहे हे त्याला ठाऊक होते का? पिशवी त्याची नव्हती. ती मागे बसलेल्याच्या मांडीवर होती. ढाब्यावाल्याने साक्षीत सांगितले, की रॉड पडल्याबरोबर हा पोरगा "अरे काय करतेस बे" असे ओरडला होता. ते एक वाक्य फिर्यादीत नव्हते, पोलिसांच्या जबाबात नव्हते. उलटतपासणीत माझ्याही नकळत बाहेर आले. न्यायाधीशांनी ते लिहून घेतले. बाकी दोघांना शिक्षा झाली, हा सुटला. न्यायमूर्ती बोस यांचा १९५४ चा निकाल मी वाचून दाखवला होता, पण खरे काम त्या ढाब्यावाल्याने केले.

सुटला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. आयटीआय अर्धवट राहिले होते. एमआयडीसीत दोन ठिकाणी काम लागले, दोन्हीकडे केस चालू आहे कळल्यावर गेले. निकालाच्या दिवशी त्याची आई कोर्टाच्या पायऱ्यांवर बसली होती. तिने मला विचारले, गाडी परत मिळेल काय? सहा वर्षे ती मोटरसायकल ठाण्याच्या आवारात पावसात उभी होती. अर्ज केला, आदेश मिळाला. पण तोवर तिच्यात काही उरलेच नव्हते. दोन माणसांनी उचलून ती टेम्पोत टाकली आणि भंगारवाल्याकडे नेली.